१९ उड्डाणांचा बूस्टर आणि त्याची नोंदवही

२०२३च्या नाताळच्या सुमारास अटलांटिक महासागरातून फ्लोरिडातील पोर्ट कॅनव्हेरल बंदराकडे एक सपाट, मानवरहित नौका परतत होती. तिच्यावर दहा-बारा मजली इमारतीएवढा एक दंडगोल उभा होता. वाऱ्याचा जोर वाढला, लाटा उसळल्या आणि तो दंडगोल कलंडला. वरचा मोठा भाग समुद्रात गेला. नऊ इंजिनांचा बुडाकडचा भाग तेवढा नौकेवर आडवा पडलेल्या अवस्थेत बंदराला लागला.

तो दंडगोल म्हणजे अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीच्या ‘फाल्कन ९’ अग्निबाणाचा पहिला टप्पा, म्हणजेच बूस्टर होता. कंपनीच्या दप्तरी त्याचा क्रमांक बी-१०५८. २३ डिसेंबर रोजी २३ स्टारलिंक उपग्रह मार्गी लावून तो नौकेवर व्यवस्थित उतरला होता. ते त्याचे १९वे उड्डाण होते. तोपर्यंत उपग्रह कक्षेत पोहोचविणारा कोणताही बूस्टर इतक्या वेळा उडालेला नव्हता. साडेतीन वर्षांत त्याने दोन अंतराळवीर आणि ८६०हून अधिक उपग्रह, मिळून २६० टनांपेक्षा जास्त भार अवकाशाच्या वाटेला लावला, असा हिशेब कंपनीने त्याच्या अखेरीनंतर जाहीर केला.

अग्निबाणाच्या बाबतीत ‘कारकीर्द’ हा शब्द काही वर्षांपूर्वीपर्यंत गैरलागू ठरला असता. अग्निबाण उडायचा आणि संपायचा. त्याच्या भरवशाचा अंदाज त्याच बनावटीच्या इतर अग्निबाणांच्या यशापयशावरून बांधला जाई, कारण त्याचा स्वतःचा असा पूर्वेतिहास नसे. बी-१०५८च्या पिढीने ही स्थिती पालटली. आता विमानाप्रमाणे प्रत्येक बूस्टरची वेगळी नोंदवही असते आणि उपग्रह कोणत्या बूस्टरवर चढवायचा हे ठरविताना ती वाचली जाते. ती कशी वाचायची, हे समजण्यासाठी आधी बूस्टरचे काम समजून घ्यावे लागते.

फाल्कन ९ सुमारे ७० मीटर उंच आणि ३.७ मीटर व्यासाचा अग्निबाण आहे. त्याच्या पहिल्या टप्प्यात नऊ ‘मर्लिन’ इंजिने असतात. त्यांना शुद्ध केलेले रॉकेल आणि अतिथंड द्रवरूप ऑक्सिजन पुरविला जातो. उड्डाणानंतर साधारण अडीच मिनिटांनी, ६५ ते ७० किलोमीटर उंचीवर, हा टप्पा वेगळा होतो. त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे ८,००० किलोमीटर असतो. पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी ताशी जवळपास २८,००० किलोमीटर वेग लागतो. उरलेला वेग दुसरा टप्पा देतो. पहिला टप्पा परत आणता येतो आणि दुसरा येत नाही, याचे मूळ या दोन आकड्यांतील फरकात आहे. दुसऱ्या टप्प्याला परतताना कितीतरी अधिक उष्णता सोसावी लागेल. त्यामुळे फाल्कन ९चा दुसरा टप्पा आजही प्रत्येक वेळी नवा असतो. ‘पुनर्वापराचा अग्निबाण’ हे वर्णन या अर्थी अर्धेच खरे आहे.

वेगळा झालेला बूस्टर नायट्रोजन वायूच्या झोतांनी स्वतःला वळवून बूड पुढे करतो. वातावरणाच्या दाट थरात शिरताना तीन इंजिने थोडा वेळ पेटवून वेग कमी केला जातो. पुढे टायटॅनियमचे जाळीदार पंख त्याला दिशा देतात. शेवटची काही सेकंदे सर्वांत अवघड असतात. टाक्या जवळपास रिकाम्या झाल्यामुळे बूस्टर हलका झालेला असतो. इतका, की एकच इंजिन त्याच्या किमान जोरावर चालविले तरी ते बूस्टरला पुन्हा वर उचलू लागेल. त्यामुळे हेलिकॉप्टरसारखे हवेत तरंगून जागा निवडण्याची सोय नाही. वेग शून्यावर येण्याचा क्षण आणि पाय टेकण्याचा क्षण एकच असावा लागतो. उड्डाणानंतर साडेआठ-नऊ मिनिटांत हे सारे आटोपते, तेही बहुतेक वेळा किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, साधारण ९० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद अशा हलत्या फलाटावर. या फलाटनौकांना ‘ऑफ कोर्स आय स्टिल लव्ह यू’, ‘जस्ट रीड द इन्स्ट्रक्शन्स’ अशी चमत्कारिक नावे आहेत. ब्रिटिश लेखक इयन बँक्स यांच्या विज्ञानकादंबऱ्यांतील अवकाशयानांवरून ती घेतली आहेत. बी-१०५८ जिच्यावर कलंडला ती नौका ‘जस्ट रीड द इन्स्ट्रक्शन्स’.

हे तंत्र एका दिवसात साधले नाही. कक्षेकडे भार नेणारा फाल्कन ९चा बूस्टर जमिनीवर पहिल्यांदा सुखरूप उतरला तो २१ डिसेंबर २०१५ रोजी. समुद्रातील फलाटावर ८ एप्रिल २०१६ रोजी. एकदा उडालेला बूस्टर दुसऱ्यांदा उपग्रह घेऊन निघाला ३० मार्च २०१७ रोजी. मे २०१८मध्ये ‘ब्लॉक ५’ ही सुधारित आवृत्ती आली. मोठी डागडुजी न करता दहा उड्डाणे, असे तिचे उद्दिष्ट होते. बी-१०५८ याच आवृत्तीचा.

त्याच्या नोंदवहीतील पहिली ओळच इतिहासात जाणारी होती. ३० मे २०२० रोजी बॉब बेन्केन आणि डग हर्ली या नासाच्या अंतराळवीरांना घेऊन तो केनेडी अवकाश केंद्रातून झेपावला. २०११मध्ये स्पेस शटल निवृत्त झाल्यापासून अमेरिकेच्या भूमीवरून माणूस कक्षेत गेला नव्हता. बूस्टरच्या अंगावर नासाचे १९९२मध्ये बाद ठरविलेले, वळणदार अक्षरांचे लाल बोधचिन्ह पुन्हा रंगविण्यात आले होते. पुढे प्रत्येक फेरीत त्यावर काजळी चढत गेली. कंपनी ती काजळी दरवेळी धूत बसत नाही. म्हणून जुना बूस्टर छायाचित्रातही चटकन ओळखू येतो.

दुसरे उड्डाण त्याच वर्षी २० जुलै रोजी झाले. दक्षिण कोरियाचा लष्करी संपर्क उपग्रह ‘अनासिस-२’ त्याने नेला. दोन उड्डाणांत ५१ दिवसांचे अंतर होते. त्यापूर्वी एकच यान पुन्हा उडविण्याचा सर्वांत कमी अवधी १९८५मध्ये अटलांटिस या स्पेस शटलने नोंदविला होता; तो ५४ दिवसांचा. शटल आणि बूस्टर यांची तुलना काटेकोर नाही, हे सांगायला हवे. शटल कक्षेत जाऊन, माणसांसह परतत असे. बूस्टर कक्षेत जातच नाही. तरीही ३५ वर्षे टिकलेला तो आकडा एका खासगी कंपनीच्या बूस्टरने मागे टाकला, तेव्हा अवकाश उद्योगाला त्याची दखल घ्यावी लागली.

पाचवी नोंद भारतीय वाचकाने थांबून वाचावी अशी आहे. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘पीएसएलव्ही-सी३७’ने एकाच उड्डाणात १०४ उपग्रह सोडले होते. त्या विक्रमाचे देशभर कौतुक झाले. तो मोडला २४ जानेवारी २०२१ रोजी ‘ट्रान्सपोर्टर-१’ या मोहिमेत. उपग्रह होते १४३ आणि ते उचलणारा बूस्टर होता बी-१०५८. संख्येपेक्षाही महत्त्वाची बाब वेगळी होती. लहान उपग्रहांना वाटून घेतलेल्या जागेत कमी दरात कक्षा गाठून देणे, हा पीएसएलव्हीने जगाला दाखविलेला व्यवसाय होता. त्याच बाजारात आता चार वेळा वापरलेला बूस्टर घेऊन एक प्रतिस्पर्धी उतरला होता. पुढे जानेवारी २०२२मध्ये ‘ट्रान्सपोर्टर-३’साठीही हाच बूस्टर वापरला गेला. ते त्याचे दहावे उड्डाण होते आणि त्या एकाच वेळी तो नौकेवर न उतरता केप कॅनव्हेरलच्या जमिनीवर परतला.

एकूण नोंदी पाहिल्या तर एक कल ठळक दिसतो. १९ उड्डाणांपैकी १४ उड्डाणे कंपनीच्या स्वतःच्या स्टारलिंक उपग्रहांसाठी होती. उरलेल्या पाचांत अंतराळवीर, कोरियाचा उपग्रह, अवकाशस्थानकाची मालवाहतूक आणि दोन ‘ट्रान्सपोर्टर’ मोहिमा येतात. त्या साऱ्या पहिल्या दहा उड्डाणांत आटोपल्या. अकराव्या फेरीपासून बी-१०५८ प्रामुख्याने मालकाचेच सामान वाहत होता. अपवाद १४व्या उड्डाणाचा. सप्टेंबर २०२२मध्ये स्टारलिंकच्या जोडीला ‘ब्लूवॉकर-३’ हा विशाल अँटेनाचा प्रायोगिक उपग्रह होता. ही वाटणी योगायोगाने झालेली नाही. सर्वाधिक वापरलेला बूस्टर म्हणजे सर्वाधिक अज्ञात धोका. तो धोका परक्या ग्राहकाच्या उपग्रहावर न लादता कंपनीने स्वतःच्या, मोठ्या संख्येने तयार होणाऱ्या उपग्रहांवर घेतला. पुनर्वापराची मर्यादा इतक्या वेगाने पुढे सरकली त्यामागे तंत्रज्ञानाइतकाच या सोयीचा वाटा आहे. स्वतःचे हजारो उपग्रह कक्षेत पाठवायचे असलेली दुसरी प्रक्षेपण कंपनी त्या काळात नव्हती.

अशा आघाडीच्या बूस्टरमधून काय शिकायला मिळते, याची उदाहरणे त्याच्या भावंडांच्या नोंदवह्यांत आहेत. १८ मार्च २०२० रोजी बी-१०४८च्या पाचव्या उड्डाणात एक इंजिन वर जातानाच बंद पडले. साफसफाईसाठी वापरलेला अल्कोहोलयुक्त द्रव एका संवेदकाच्या पोकळीत अडकून राहिला होता आणि तो पेटला, असे तपासात आढळले. फेब्रुवारी २०२१मध्ये बी-१०५९च्या सहाव्या उड्डाणात इंजिनाभोवतीच्या उष्णतारोधक आच्छादनाला भोक पडून तप्त वायू आत शिरला. ते आच्छादन त्याच्या प्रकारात सर्वाधिक वेळा वापरलेल्यांपैकी होते. दोन्ही वेळा उपग्रह ठरल्या कक्षेत पोहोचले, कारण नऊपैकी एक इंजिन गेले तरी उरलेली आठ काम निभावतात. बूस्टर मात्र दोन्ही वेळा गमावले. पहिला दोष धातूच्या थकव्याचा नव्हता, देखभालीचा होता. दुसरा एका साध्या आवरणाच्या आयुर्मर्यादेचा. दोन्ही गोष्टी एकदाच उडणाऱ्या अग्निबाणात कधीच उघडकीस आल्या नसत्या.

बी-१०५८च्या नोंदवहीत एक मोठी मोकळी जागाही आहे. १५वे उड्डाण १७ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि १६वे थेट जुलै २०२३मध्ये. एरवी काही आठवड्यांनी उडणारा बूस्टर जवळपास सात महिने जमिनीवर होता. कंपनीने तोवर १५ उड्डाणांची मर्यादा ठरविली होती. ती २०पर्यंत वाढविण्याआधी या बूस्टरची सखोल तपासणी झाली. बाहेरून पाहणाऱ्याला हे महिने रिकामे वाटतील. वस्तुतः संपूर्ण ताफ्यासाठी ते त्याच्या अनेक उड्डाणांइतके मोलाचे होते. एकाची तपासणी करून मर्यादा वाढली, की तिचा लाभ बाकीच्या सर्व बूस्टरना मिळतो. ही मर्यादा पुढे ४०पर्यंत नेण्याचे उद्दिष्ट कंपनीने ठेवले.

पैशांचा हिशेब तितका सरळ नाही. फाल्कन ९च्या खर्चात पहिल्या टप्प्याचा वाटा सुमारे ६० टक्के असतो, असे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी सांगितले आहे. पण परत येण्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते, पाय आणि पंख यांचे वजन वाहावे लागते. तेवढी वहनक्षमता कमी होते. नौका, बंदर, तपासणी यांचा खर्च वेगळा. २०२०मध्ये मस्क यांनी दोन उड्डाणांत खर्च भरून निघतो आणि तिसऱ्यापासून फायदा होतो, असा दावा केला. प्रतिस्पर्धी युनायटेड लाँच अलायन्सचे तेव्हाचे प्रमुख टोरी ब्रुनो यांचे म्हणणे होते, की ताफ्याची सरासरी दहा उड्डाणांवर गेल्याशिवाय पुनर्वापर परवडत नाही. दोघांचेही हितसंबंध उघड आहेत आणि कंपनी आपली हिशेबवही जाहीर करीत नाही. मात्र एवढे म्हणता येते, की १९ उड्डाणे करणाऱ्या बूस्टरपुढे हा वाद निकाली निघतो. तो दोन्ही निकषांवर उत्तीर्ण होतो. ज्या कंपनीकडे वर्षाला जेमतेम चार-सहा प्रक्षेपणे आहेत तिच्यासाठी मात्र ब्रुनो यांचा प्रश्न आजही खरा आहे.

मग इतका अनुभवी बूस्टर एका वादळी रात्रीत कसा गेला? उड्डाणाचा त्याच्याशी संबंध नव्हता. उतरल्यानंतर बंदरापर्यंतचा काही दिवसांचा प्रवास त्याला चार पायांवर उभ्याने करावा लागतो. बुडाशी जड इंजिने असली तरी वरचा भाग वाऱ्याला तोंड देतो आणि नौका हेलकावे खाते. एप्रिल २०१९मध्ये फाल्कन हेवीचा मधला बूस्टरही असाच उतरल्यानंतर समुद्रात कलंडला होता. नव्या बूस्टरच्या पायांत स्वतःला समतल राखण्याची सुधारणा केली आहे, असे कंपनीने या दुर्घटनेनंतर स्पष्ट केले. बी-१०५८ सुधारणेपूर्वीचा होता. त्याची उरलेली इंजिने काढून त्यांची तपासणी करण्याचे ठरले.

त्याचा विक्रम फार काळ टिकला नाही. बी-१०६७ या बूस्टरने ऑगस्ट २०२५मध्ये ३०वे उड्डाण पूर्ण केले. पुन्हा उडण्याचा अवधीही ५१ दिवसांवरून मार्च २०२५मध्ये नऊ दिवसांवर आला. त्याहून बोलका बदल ग्राहकांच्या मनात झाला आहे. सुरुवातीला नासा अंतराळवीरांसाठी नवाच बूस्टर घेत असे. एप्रिल २०२१मधील ‘क्रू-२’ मोहिमेत माणसे प्रथमच वापरलेल्या बूस्टरवर बसली. नोव्हेंबर २०२४मध्ये भारताचा ४,७०० किलो वजनाचा ‘जीसॅट-एन२’ हा संपर्क उपग्रह केप कॅनव्हेरलहून सोडण्यात आला. इतका जड उपग्रह त्या कक्षेकडे नेणे ‘एलव्हीएम-३’च्या आवाक्याबाहेरचे होते. त्या दिवशीचा बूस्टर आपल्या १९व्या उड्डाणावर होता. अकरा महिन्यांपूर्वी जो आकडा विक्रम होता, त्या आकड्याच्या बूस्टरवर भारताने आपला उपग्रह बिनदिक्कत सोपविला.

भारत स्वतःही या वाटेवर आहे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकाला ८,२४० कोटी रुपयांची मंजुरी दिली. पृथ्वीनिकट कक्षेत ३० टन नेण्याची क्षमता आणि पुन्हा वापरता येणारा पहिला टप्पा ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. कर्नाटकात चित्रदुर्गजवळ २०२३ आणि २०२४मध्ये इस्रोने पंख असलेले ‘पुष्पक’ यान हेलिकॉप्टरमधून सोडून तीनदा धावपट्टीवर उतरविले. तो प्रयोग महत्त्वाचा असला तरी बूस्टर उभा उतरविण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि ते अजून साध्य व्हायचे आहे.

पण उडून आलेल्या बूस्टरची नोंदवही बारकाईने वाचण्याचा अनुभव इस्रोला त्याआधीच आला. जून २०२५मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांना ‘ॲक्सिअम-४’ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाकडे नेणारा बूस्टर बी-१०९४ तसा कोवळा होता. एप्रिलमधील एका स्टारलिंक उड्डाणानंतरचे हे त्याचे दुसरेच उड्डाण. प्रक्षेपणमंचाला जखडून इंजिने काही सेकंद पेटविण्याची चाचणी झाली आणि त्यानंतरच्या पाहणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली. हा दोष नवा नव्हता. आधीच्या उड्डाणानंतरच्या डागडुजीत तो पूर्णपणे दुरुस्त झाला नव्हता, असे स्पेसएक्सचे वरिष्ठ अधिकारी बिल गर्स्टनमायर यांनी पत्रकार परिषदेत मान्य केले.

येथे उड्डाणांच्या संख्येचा भरवसा कुठे संपतो, हे दिसले. १९ किंवा ३० हा आकडा बूस्टर किती टिकला हे सांगतो. मागच्या फेरीनंतर कोणती नळी कोणी तपासली, हे सांगत नाही. तेव्हा फ्लोरिडात अध्यक्ष व्ही. नारायणन यांच्यासह इस्रोचे पथक उपस्थित होते. गळती दुरुस्त करून आवश्यक त्या चाचण्या झाल्याशिवाय उड्डाण करू नये, अशी शिफारस इस्रोने केली आणि ११ जूनचे प्रक्षेपण पुढे ढकलण्यात आले. त्यानंतर अवकाशस्थानकाच्या रशियन भागातील गळतीमुळे आणखी काही दिवस गेले. अखेर २५ जून रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिटाने यान निघाले. बी-१०९४ काही मिनिटांत केप कॅनव्हेरलला जमिनीवर परतला आणि १ ऑगस्ट रोजी नासाच्या ‘क्रू-११’ मोहिमेतील चार अंतराळवीरांना घेऊन तिसऱ्यांदा उडाला.